लेकुरमाळावरची करवंदी

करवंदाचं रोप करायला अक्कल लागत नाही, चिकाटी लागते. पिकलेलं फळ हाती आलं की लगेच बी काढायचं, धुवायचं आणि मातीत टाकायचं. डबीत भरून ठेवलं की बी मेलं. तोडलेली फांदी खोचून बघायची हौस प्रत्येकाला असते, पण तोडलेली करवंदी सहसा मूळ धरत नाही, सुकून सरपणाला जाते. म्हणून एखाद्या झाडाची जात जशीच्या तशी हवी असेल तर गुटी बांधायची. जिवंत फांदीची बोटभर रुंदीची साल गोल काढायची, त्या जागी ओलं शेवाळ गुंडाळायचं, वर प्लास्टिक आणि दोन्ही टोकांना सुतळी. फांदी आईवरच असते, आईचंच खाते, आणि कापाच्या वरच्या कडेला तिला स्वतःची मुळं फुटतात. मुळं पांढरी दिसली की खालून कापून उतरवायची. पाली गावात आमच्या परसात मी हे इतक्या वेळा केलंय की हाताला आता माझी गरज पडत नाही.

धंदाच तो माझा. राजगडाच्या या अंगाला पुण्याची माणसं प्लॉट घेतात आणि त्यांना काट्याचं कुंपण हवं असतं. तारेचं नको म्हणतात, निसर्गातलं द्या. मी त्यांना करवंद देतो, सागरगोटा देतो, शिकेकाई देतो, आणि दोन पावसाळ्यांनी त्यांचा फोन येतो की काटे जरा कमी करता येतील का. मी म्हणतो, बघतो. कृषी पदविका घेतलेला माणूस मी. बी, माती, पाणी आणि ऊन यांच्यापलीकडे झाडाला काही समजतं असं मी कधी मानलं नाही. आताही मानायची माझी इच्छा नाही.

आमची लेक शेफाली सहा महिन्यांची होऊन गेली. ताप आला, वेल्ह्याला नेली, तिथून पुढं न्यायला सांगितलं म्हणून नसरापूरच्या रस्त्याला लागलो आणि गाडीतच ती शांत झाली. नूतननं, माझ्या बायकोनं, तिला तशीच मांडीवर धरली होती. घरी येईपर्यंत तिनं पोरीच्या तोंडावरचा पदर काढला नाही आणि मीही तिला काढायला सांगितलं नाही.

एवढ्या लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. गावाच्या वर एक उतार आहे, त्याला लेकुरमाळ म्हणतात. तिथं बापानं न्यायचं. आईनं जायचं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही. खड्ड्यावर दगड रचायचे आणि दगडांवर करवंदाच्या काट्या घालायच्या, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. मी शेजारच्या जाळीतून काट्या तोडल्या आणि आडव्या टाकल्या. कार्तिक होता, पाऊस केव्हाच संपला होता, माळ कडक झाला होता. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढच्या आषाढात मी वर गेलो तेव्हा त्या काट्या हिरव्या होत्या.

मी खाली बसून पाहिलं. दगडांच्या फटीतून मुळं गेली होती. आठ महिने उन्हात पडलेली तोडलेली काटी जगली कशी, याचं, खरं सांगायचं तर, मला उत्तर नकोच होतं. मला रडू आलं आणि बरंही वाटलं. घरी येऊन नूतनला सांगितलं. तेव्हापासून मी वरून आलो की ती एकच विचारायची, "किती झाली?" आणि मी हात धरून उंची दाखवायचो.

दुसऱ्या उन्हाळ्यात करवंदी कमरेएवढी झाली आणि काळ्याभोर फळांनी लगडली. एवढ्या लहान वयात करवंद फळत नाही. मी तेही कुणाला बोललो नाही.

त्याच उन्हाळ्यात कळलं की लेकुरमाळ विकला गेला. सातबारा पहिल्यापासून परगावच्या मालकाच्या नावावर होता, त्यामुळं बोलायला जागा नव्हती. दिवाळीनंतर जेसीबी लागणार, उतार सपाट करून प्लॉट पाडणार. मी हे नूतनपासून लपवणार होतो, पण गावात काही लपत नाही.

"तिला घरी आना," नूतन म्हणाली.

"कुणाला?"

"करवंदीला."

दीड वर्ष ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. समोर ठेवलेलं अर्धं खायची, अर्धं सोडायची. सारोळ्याहून तिचे आईवडील येऊन गेले, ती त्यांच्याशीही बोलली नाही. दीड वर्षात तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मला त्या झाडाचं काही नव्हतं. मला माझी बायको परत हवी होती, जशी होती तशी, चहात साखर जास्त घालून माझ्याशी भांडणारी. त्यासाठी मी अख्खा माळ उचलून परसात आणला असता. रुजलेली करवंदी उपटून जगत नाही, तिची मुळं खोल जातात. म्हणून मी गुट्या बांधायचं ठरवलं.

माझ्या आईला, सगुणाबाईला, झाडाला असाच हात लावलेला चालत नाही. गुडघ्याला निर्गुडीचा पाला आणायचा असला तरी ती आदल्या सांजेला जाऊन झाडाला आवतण देते. हळदकुंकू लावायचं, बुडाशी चिमूटभर तांदूळ ठेवायचे आणि म्हणायचं, उद्या न्यायला येते, ये. जेवायला बोलावतो तसं. मी यावर आयुष्यभर हसलो आहे आणि आयुष्यभर तिला निर्गुडीपर्यंत सोडायलाही गेलो आहे.

"आवतण तू दे, इंदर," आई म्हणाली. "नूतनला नेऊ नगंस. आईनं तितनं लेकराला हाळी घालू ने."

पण मी निघालो तेव्हा नूतन अंगणात चपला घालून उभी होती. दीड वर्षात तिनं चपला घातल्या नव्हत्या. तिला परत आत पाठवायला माझं मन झालं नाही.

आम्ही वर पोचलो तेव्हा राजगडाच्या माचीवर अजून ऊन होतं. नूतन रडली नाही. तिनं करवंदीच्या बुंध्याला हळद लावली, कुंकू लावलं, तांदूळ ठेवले. "चल बाई घरी," ती म्हणाली, "आवतण हाय तुला." मग ती तिथंच दगडाशी बसली आणि फळं तोडून खायला लागली. देठ तुटला की पांढरा चीक येतो. तो तिच्या बोटांना लागला, ओठांना लागला, आणि तिनं तो चाटून घेतला.

"लई गोड हाईत. खावा की."

मी नाही खाल्ली. आंबटगोड काही खाल्लं की माझे दात शिवशिवतात. ती मात्र ओठ काळे होईपर्यंत खात राहिली आणि मी शेजारी बसून पाहत राहिलो. तिला एवढ्या भुकेनं खाताना पाहून मला इतका आनंद झाला, की उतरताना मी तिला चिडवलं, सगळी संपवलीस, कोल्ह्यांनी काय खायचं. ती हसली. ते हसणं मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन तीन फांद्यांना गुट्या बांधल्या.

श्रावण सरताना प्लास्टिकमधून मुळं दिसू लागली. भरपूर आणि पांढरीशुभ्र. मी तिन्ही गुट्या कापून खाली उतरवल्या. कापावरून चीक येत राहिला. चीक येतोच, पण थोडा येऊन थांबतो. हा घरापर्यंत ठिबकला, माझी विजार गुडघ्यापर्यंत भिजली. पिशव्यांत माती आणि शेणखत घालून रोपं परसात सावलीला ठेवली. नूतन तिथंच बसून राहिली.

पहिले काही दिवस मी सुखात होतो. ती उठायची, अंघोळ करायची, रोपांशी बसायची. ती बसली की रोपं तरतरीत दिसायची आणि ती आत गेली की माना टाकायची. मी जागा बदलली, पाणी कमी केलं, जास्त केलं. मग लक्षात आलं की नवीन फुटव्याला काटे नाहीत. करवंदाचा काटा कोवळा असतो तेव्हाही हाताला कळतो. मी बोट फिरवून पाहिलं. फुटवा मऊ होता, मी हात लगेच काढून घेतला.

एका सकाळी नूतनचं झंपर समोरून ओलं होतं. मला वाटलं पाणी सांडलं.

"दूध हाय," ती म्हणाली, सहज, चहा उकळलाय म्हणावं तसं.

वेल्ह्याच्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या. दुःखात शरीर असं करतं कधीकधी, म्हणाले. मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. गोळ्यांनी दूध थांबलं नाही. तिचं खाणं मात्र थांबलं. ताटावर बसायची, पण घास तोंडात जायचा नाही. पाणी मात्र तांब्यावर तांब्या प्यायची. सकाळी ती ओसरीच्या उगवतीच्या टोकाला बसलेली असायची, दुपारी मध्यावर, संध्याकाळी मावळतीच्या खांबाशी. तिला सरकताना मी कधी पाहिलं नाही, पण ऊन जाईल तिथं ती असायची.

मग तिनं डाव्या पायाला, घोट्याच्या वर, फडकं बांधलं. काटा लागलाय म्हणाली. आमच्या रोपांना काटे नव्हते, हे मला तेव्हा सुचलं नाही, असं मी स्वतःला सांगतो. पुढच्या आठवड्यात उजव्या पायालाही फडकं आलं. ती त्यांच्यावर तांब्यानं पाणी घालायची, सुकू द्यायची नाही. मी बघतो म्हटलं की पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची.

"बरं हुतंय," म्हणायची. "हवा लागली तर चिघळंल."

ती सुकत चालली होती आणि मी रोपांना पाणी घालत होतो. मी तरी दुसरं काय करणार होतो. मला तेवढंच येतं.

नवरात्र बसलं आणि तिन्ही रोपं वाळली. पानं गळाली, काड्या राहिल्या. नूतन ऊर बडवून घेईल या धास्तीनं मी ती पहाटेच उचलायला गेलो, तर ती आधीच तिथं बसली होती.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "त्या निस्त्या निरोपाला आल्या हुत्या."

मी एक पिशवी फाडली. मातीचा गोळा अलगद मोकळा झाला. आत काडीचं खालचं टोक होतं, मी कापलेलं, गुळगुळीत. मुळं नव्हती. कुजली असती तर काळी तुसं राहतात, वास येतो. तिथं काहीच नव्हतं. बाकीच्या दोन्ही पिशव्यांतही तेच. श्रावणात ती मुळं मी माझ्या हातांनी मोकळी करून मातीत सोडली होती.

आई मागं येऊन उभी होती. तिनं पिशव्या पाहिल्या, मग मला बाजूला नेलं.

"आवतण कुनी दिलं?"

"नूतननं."

"तितलं काय खाल्लं तिनं?"

मी सांगितलं. आई चुलीपुढं जाऊन बसली. चूल विझली तरी तिनं फुंकर घातली नाही.

"आवतण द्यायला जानारानं त्या घरचं पानी बी पिऊ ने," ती म्हणाली. "प्यालं तर आवतण उलटतं. मग त्यांनी आपल्याकडं याचं ऱ्हातं, आपल्यालाच त्यांच्याकडं जावं लागतं."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुला जा म्हनलं हुतं रं म्या. तुला करवंद आवडत न्हाईत."

मी आईवर ओरडलो. हे सगळं खूळ आहे म्हणालो, नूतनला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणालो. नेलंही. तिथं फडकी सोडायला गेलेल्या नर्सचा हात नूतननं असा धरला, की बाई घाबरून बाहेर आली. रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. अशक्तपणा आहे, खायला घाला, म्हणाले. घरी आल्यावर ती ओसरीवर मावळतीच्या खांबाशी जाऊन बसली आणि पुन्हा उठली नाही. उचलून आत न्यायला गेलो तर ती जड होती. हाडांचा सापळा झालेली बाई, आणि मला हलवेना.

दिवाळी झाली. जेसीबीचा आवाज घरापर्यंत येऊ लागला. मी कुदळ घेतली आणि भरदुपारी लेकुरमाळावर गेलो. करवंदी मुळासकट काढायची आणि जाळायची, एवढंच डोक्यात होतं. विश्वास नसलेला माणूसही शेवटी तिथंच येतो.

माळ ओळखू येत नव्हता. सगळा सपाट, तांबडा. मधोमध तेवढी आमची करवंदी उभी होती, तीन फांद्या छाटलेली, आणि कार्तिकात पिकलेल्या फळांनी भरलेली. जेसीबीचा ड्रायव्हर मानसिंग सावलीला भाकरी खात होता.

"हे का ठेवलं?" मी विचारलं.

"ठिवलं न्हाई, दादा. काल काढलं हुतं बकेटनं. म्या सोता." त्यानं भाकरी खाली ठेवली. "आन् त्यो खड्डा बी आमचा न्हाई."

खड्डा करवंदीला लागूनच होता. मी काठावर उभा राहिलो. वरची माती एका अंगाला, खालची दुसऱ्या अंगाला, ढेकळं फोडून ठेवलेली. तळाला पालापाचोळा. मी असाच खड्डा घेतो. माझे खड्डे ढोपरभर असतात. हा माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढा होता.

कुदळीचा घाव कुठं नव्हता. कडा हातानं लिंपल्यासारख्या होत्या. बोटं उमटली होती.

बोटं लहान होती.

मी कुदळ तिथंच टाकून आलो.

नूतन मावळतीच्या खांबाशी होती. मला बघून तिनं आपणहून पाय पुढं केले.

"खड्डा पुरंल ना?" तिनं विचारलं.

मी फडकं सोडलं. दोन्ही टोकांना सुतळी होती, माझ्याच बंडलातली. आत ओलं शेवाळ होतं, माझ्याच पोत्यातलं. शेवाळाखाली घोट्याच्या वर बोटभर रुंदीची कातडी गोल निघालेली होती. रक्त नव्हतं, जखम नव्हती. कोरडी, पिवळसर, साल काढल्यावर दिसते तशी.

आणि कापाच्या वरच्या कडेला मुळं होती. भरपूर आणि पांढरीशुभ्र.

"तुमीच उतरवा," नूतन म्हणाली. "तुमच्या हातची गुटी मरत न्हाई."

मी शेवाळ परत लावलं, फडकं गुंडाळलं, सुतळी बांधली. कलमचाकू माळ्यावर टाकला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. तिनं केसांतून हात फिरवला. तो हात खरखरीत लागत होता. तयार झालेली गुटी वेळेत उतरवली नाही तर मुळं शेवाळातच वाळतात आणि फांदीही जाते, हे मला माहीत होतं. मी गिऱ्हाइकांना तेच सांगत आलो आहे.

दिवेलागणीला आईनं हाक मारली. ती उंबऱ्याशी उभी होती, आत येत नव्हती.

उंबऱ्यावर चिमूटभर तांदूळ होते. चौकटीला हळदीचं बोट लागलं होतं, त्याच्याशेजारी कुंकवाचं. आईनं लावायचं तर ती कपाळाच्या उंचीला लावते. हे खाली होतं, माझ्या कमरेच्या जरा खाली. नूतनला करवंदीची उंची दाखवायला मी हात धरायचो, जवळपास तिथंच. शेफाली असती तर आता तेवढीच झाली असती.

आवतण आदल्या सांजेला देतात. न्यायला दुसऱ्या दिवशी येतात.

आई आत जाऊन देवापुढं बसली. मी माळ्यावरून चाकू काढला, पाट्याशी बसलो आणि पाणी घेऊन धार लावू लागलो. गुटी ओढून काढली तर मुळं तुटतात. शेफालीचे हात अजून लहान आहेत, कापणं तिला जमणार नाही.